‘गाव कुठलं तुझं?’: व्हायवा, मुलाखत आणि डॉक्टर होण्यातली गंमत

हा या भागाचा लिखित मजकूर. वाशीच्या खाडीपुलावर ज्यांचं नेटवर्क दर वेळी जातं त्या सगळ्यांसाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठीच. बोलताना मी जे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ करतो ते बरंचसं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आता पहिला प्रश्न तुम्ही विचारायच्या आत मीच विचारतो. मी सॉफ्टवेअरवाला, बीटेक. डॉक्टरांच्या इतिहासावर बोलायचा मला काय अधिकार? एक तर मी पनवेलचा. शेजारी कामोठ्याला एमजीएमचं मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे इकडच्या चहाच्या टपऱ्यांवर तुम्हाला पांढरे अ‍ॅप्रन कायम दिसतात. कटिंग चहा पिताना आजूबाजूला जे कानावर पडतं, त्यातलं निम्मं परीक्षेबद्दल असतं आणि निम्मं परीक्षकांबद्दल. आणि दुसरं म्हणजे माझी चुलत बहीण डॉक्टर आहे. तिच्यामुळे मी एका अशा गोष्टीत घुसलो जी सुरू होते हाडांच्या व्हायवापासून आणि जाऊन पोचते थेट एका अल्गोरिदमपर्यंत. तिथे मात्र माझा अधिकार चालतो.

तर व्हायवा. मेडिकलच्या पोरांचे सगळे विनोद फिरून फिरून तिथेच येतात. ‘एक्स्टर्नल’ नावाचा प्राणी बाहेरच्या कॉलेजातून येतो, टेबलापलीकडे बसतो, हातात एक हाड देतो आणि चष्म्यावरून बघतो. हॉस्टेलमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितला जाणारा किस्सा असा:

‘हे हाड कुठल्या बाजूचं?’

‘डाव्या, सर.’

‘कशावरून?’

‘तुम्ही डाव्या हातात धरलंय, सर.’

हे खरंच कुणी बोललं होतं का, देव जाणे. प्रत्येक कॉलेजात तो ‘आमचा सीनियर’ असतो. पण त्या किश्शांच्या जोडीने एक शहाणपणही पुढे सरकतं, आणि ते शंभर टक्के खरं आहे: उत्तरातला शेवटचा शब्द म्हणजे पुढचा प्रश्न. म्हणून ज्याबद्दल काही येत नाही त्या शब्दावर वाक्य संपवायचं नाही. ‘कारणं अनेक आहेत, उदाहरणार्थ टीबी’ म्हणून थांबायचं, कारण टीबी पाठ असतो. उत्साहाच्या भरात पुढे एखादा दुर्मीळ आजार जोडलात की मेलात. मला हे ऐकून आमच्या क्लायंट मीटिंगा आठवल्या, पण ते असो.

व्हायवाची सुरुवात मात्र बऱ्याचदा वैद्यकशास्त्राने होत नाहीच. ‘गाव कुठलं तुझं?’ याने होते. आमच्या टपरीवरचा किस्सा: फार्माकॉलॉजीचा व्हायवा, म्हणजे औषधांचा विषय. सरांनी विचारलं, गाव कुठलं? पोरगा म्हणाला, पनवेल. पनवेलला काय प्रसिद्ध आहे रे? पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘धूतपापेश्वर, सर.’ (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८७२ पासूनचा पनवेलचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना.) सर म्हणाले, ‘मग माझ्याकडे काय करतोयस?’

हसू येतं. पण तो पहिला प्रश्न लक्षात ठेवा. गाव कुठलं, वडील काय करतात, आडनाव काय. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात विचारतात, नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, व्हायवातही विचारतात. कधी तो समोरच्याची भीती घालवायला विचारलेला असतो. कधी त्याने चाळण लावलेली असते. टेबलाच्या अलीकडे बसलेल्याला यातलं कुठलं चाललंय ते कळत नाही, आणि आजचा सगळा भाग त्या न कळण्याबद्दल आहे.

थोडं मागे जाऊ. ‘व्हायवा व्होसी’ हे लॅटिन, अर्थ साधारण ‘जिवंत आवाजाने’. म्हणजे कागदावर नाही, समोरासमोर बोलून. आपल्याकडे पाश्चात्त्य वैद्यकाची शाळा मुंबईत पहिल्यांदा निघाली १८२६ साली. ब्रिटिश सरकारची, डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली. या माणसाने इंग्रजी पुस्तकं मराठीत आणण्याचा खटाटोप केला, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत शरीरशास्त्र देशी भाषेत शिकवायचा प्रयत्न झाला होता. १८३२ मध्ये सरकारने ती शाळा बंद केली. मग १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाने, शेजारी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. हॉस्पिटल. शिक्षण इंग्रजीत. जाता जाता, त्याच १८४५ मध्ये पनवेलजवळच्या शिरढोणला वासुदेव बळवंत फडके जन्मले. संबंध काही नाही, पण पनवेलकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ग्रँटची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. त्यात भाऊ दाजी होते, ज्यांच्या नावाचं म्युझियम तुम्ही भायखळ्याला राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाता तेव्हा दारातच लागतं आणि तुम्ही आत जात नाही. दुसरे आत्माराम पांडुरंग, पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक. गंमत बघा, भाऊ दाजी मेडिकलला जायच्या आधी एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक होते. म्हणजे कालपर्यंत टेबलाच्या पलीकडे बसून पोरांना प्रश्न विचारणारा माणूस परत अलीकडे येऊन बसला. नोकरी सोडून पुन्हा शिकायला जाणाऱ्या आपल्या मित्रांना हे जरूर सांगा.

पण मुलाखतीच्या इतिहासात माझी लाडकी व्यक्ती त्या तुकडीत नाही. ती पनवेलपासून तासाभरावरच्या कल्याणची आहे. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची गोष्ट आपण शाळेत इतक्या गंभीरपणे ऐकतो की त्यातला विनोदी योगायोग हातातून सुटतो. नवरा गोपाळराव, पोस्ट खात्यातले. बायकोला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या मिशनरी मंडळींना पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं त्याचा सूर असा की ख्रिस्ती व्हा, मग बघू. ती पत्रं एका मिशनरी मासिकात छापून आली आणि विषय तिथेच संपायचा होता. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या, नंबर यायला वेळ होता, म्हणून समोर पडलेलं मासिक उचललं. आणि त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे त्यांच्याच घरी आनंदीबाई उतरल्या. क्लिनिकच्या वेटिंग रूममधल्या जुन्या मासिकांना आपण नावं ठेवतो; महाराष्ट्राची पहिली महिला डॉक्टर तिथून आली आहे.

आता ही ‘मुलाखत’ ऐका. २४ फेब्रुवारी १८८३, बंगालमधलं सेरामपूर कॉलेज. आनंदीबाई अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी. लोक गावभर नाना तऱ्हेचे प्रश्न विचारत होते, टोमणे मारत होते. त्यांनी काय केलं, तर स्वतःच ते प्रश्न क्रमाने मांडले आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत उत्तरं दिली. अमेरिकेलाच का? भारतात शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? काही वाईट प्रसंग ओढवला तर? आणि जे कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करावंस?

मी जेव्हा अमेरिकेतल्या रेसिडेन्सी मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या याद्या वाचल्या, तेव्हा अक्षरशः हसलो. आमच्याच प्रोग्रॅमला का? तुमच्या देशात हे शिक्षण नाही का? घरच्यांपासून लांब राहू शकाल का? अडचण आली तर काय कराल? इतरांपेक्षा तुम्हीच का? जवळजवळ तीच यादी. फरक इतकाच की आजच्या मुलाला समोर तीन प्रोफेसर असतात, आणि त्या मुलीला समोर अख्खा समाज होता, ज्याच्याकडे द्यायला सीटही नव्हती.

त्यानंतर एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि अमेरिकेत पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. आजच्या भाषेत ‘पर्सनल स्टेटमेंट’. आत्ताची मुलं त्यासाठी पैसे देऊन माणसं लावतात. त्या पत्रात मार्कांची बढाई नाही. माझी शालेय तयारी तुमच्या नियमांत बसत नसेल हे त्या सरळ मान्य करतात आणि मुद्दा असा मांडतात की घरच्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून जी इथवर आली, तिचा निर्धारच तिची पात्रता समजावी. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय. डीन रेचल बॉडली यांच्या कॉलेजने प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदू परंपरेतलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डची जागा त्यांना मिळालीही होती. रुजू होता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

हे इथे सांगण्याचं कारण रडवणं नाही. कारण हे की, आनंदीबाईंना कुठल्याही गुणांच्या चाळणीने आत घेतलं नसतं. समोर एक माणूस होता, त्याने पत्र वाचलं आणि ठरवलं. माणसाने माणसाला निवडण्याचा हा सगळ्यात चांगला नमुना. आता वाईट नमुन्याकडे यायच्या आधी थोडा मोकळा श्वास घेऊ.

पुण्याचं बी. जे. मेडिकल. या कॉलेजने महाराष्ट्राला डॉक्टर किती दिले ते सोडा, नट किती दिले ते बघा. श्रीराम लागू इथलेच, कान-नाक-घशाचे सर्जन. नाटकाची गोडी कॉलेजातच लागली, पुढे आफ्रिकेत टांझानियापर्यंत जाऊन डॉक्टरकी केली आणि परत येऊन पूर्णवेळ रंगभूमी धरली. जब्बार पटेल इथलेच, मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे इथलेच, मानसोपचारतज्ज्ञ. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं तेव्हा दिग्दर्शक हा बालरोगतज्ज्ञ आणि नाना फडणवीस झालेला हा मनोविकारतज्ज्ञ. त्या नाटकातलं पुणं पाहिल्यावर दोघेही योग्य शाखेचे होते असंच वाटतं.

हे का झालं याबद्दल माझी एक थिअरी आहे, पुरावा शून्य. पाच वर्षं दर परीक्षेला टेबलासमोर उभं राहून, येत नसताना येतंय असा चेहरा करायची सवय लागली की रंगमंचाची भीती उरत नाही. शिवाय वॉर्डमध्ये दिवसभर माणसं बघायला मिळतात. इंजिनीअरिंगमधून आम्ही स्टँडअपवाले दिले, मेडिकलने नाना फडणवीस दिला. मान्य करायला हवं.

आणि सिनेमा म्हटल्यावर ‘मुन्नाभाई’चं नाव घ्यावंच लागेल. २००३ चा, राजकुमार हिरानींचा, हिरानी आपले नागपूरचे. मुंबईतलं मेडिकल कॉलेज, आत घुसलेला गुंड आणि हसण्याचा व्यायाम करणारा डीन. पण नीट आठवून बघा, त्या सिनेमातला सगळ्यात मोठा घोटाळा कुठे होतो? प्रवेश परीक्षेत. दुसराच माणूस पेपर लिहितो. म्हणजे नंबराच्या चाळणीलाही भोक पाडता येतं. आणि पिक्चरभर डीनचं आणि मुन्नाचं भांडण एकाच गोष्टीवर: पेशंटकडे केस म्हणून बघायचं की माणूस म्हणून.

बरं, आता वाईट नमुना. यासाठी मला माझ्याच शाखेकडे, इंजिनीअरिंगकडे जावं लागतंय. आपल्याकडे पूर्वी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेशात मुलाखतीचे गुण धरले जायचे, मेडिकललाही. तामिळनाडूतल्या मेडिकल प्रवेशांच्या मुलाखतींचं प्रकरण १९७० मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे गुण देण्याच्या पद्धतीवर कोर्टाने बोट ठेवलं. पण सगळ्यांना लागू पडला तो निकाल दहा वर्षांनी आला, श्रीनगरच्या रीजनल इंजिनीअरिंग कॉलेजबद्दल. अजय हसिया हे त्या खटल्याचं नाव. लेखी परीक्षा १०० गुणांची, मुलाखत ५० गुणांची. म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा मुलाखतीला. आणि ही मुलाखत चालायची किती? उमेदवारांचं म्हणणं, दोन ते तीन मिनिटं! आणि त्यात विचारलं काय? वडील कोण, राहता कुठे.

ओळखीचा वाटतोय ना प्रश्न? गाव कुठलं तुझं.

नोव्हेंबर १९८० मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं की तिसरा हिस्सा म्हणजे मनमानी, मुलाखतीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण नकोत. आणि एक सूचना केली जी एक पॉडकास्टवाला म्हणून मला फार आवडते: मुलाखती टेपरेकॉर्ड कराव्यात. उद्या कुणी शंका घेतली तर कोर्टाला ऐकता येईल. विचार करा, तेव्हा ते खरंच सगळीकडे झालं असतं तर आज भारताकडे जगातला सगळ्यात विनोदी आणि सगळ्यात दुःखी ऑडिओ संग्रह असता.

भगवतींचं नाव मेडिकलमध्ये पुन्हा येतं १९८४ ला, डॉ. प्रदीप जैन खटल्यात. तेव्हा राज्याराज्यांच्या मेडिकल जागा बहुतेक आपापल्या राज्यातल्यांसाठी राखलेल्या असायच्या. कोर्टाने म्हटलं, काही जागा अख्ख्या देशाला खुल्या ठेवा. त्यातून पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा आली, आणि कोर्टकचेऱ्यांची बरीच वळणं घेत आजची नीट-पीजी. हे मी भराभर सांगतोय कारण ती वळणं नुसती तारखांची आहेत. महत्त्वाचं एवढंच की आज भारतात एमबीबीएस झालेला मुलगा एमडी किंवा एमएसला जातो, म्हणजे रेसिडेंट होतो, तेव्हा त्याची मुलाखत कुणीच घेत नाही. रँक येतो, कॉम्प्युटरवर पसंतीक्रम भरायचा, सीट मिळते. ज्या सरांच्या हाताखाली तीन वर्षं दिवसरात्र काढायची त्यांना तो पहिल्यांदा दिसतो ते थेट ड्युटीवर.

याला आम्हा संगणकवाल्यांच्या आणि अर्थशास्त्रवाल्यांच्या भाषेत एक अधिकृत नाव आहे, माझ्यावर विश्वास ठेवा: ‘सीरियल डिक्टेटरशिप’. क्रमवार हुकूमशाही! पहिला रँकवाला हुकूमशहा, त्याला हवं ते तो उचलतो. मग उरलेल्यात दुसरा हुकूमशहा. मग तिसरा. पंचवीस हजाराव्या हुकूमशहाची सत्ता कशावर असते ते तुम्ही ओळखलंच असेल. प्रत्यक्षात आरक्षण, राज्याचा कोटा, वेगवेगळ्या फेऱ्या यांनी ते गुंतागुंतीचं होतं, पण गाभा हाच.

अमेरिकेत उलट. तिथे मुलाखत हाच प्राण. आणि तिथला इतिहास आपल्यापेक्षा विनोदी आहे. १९४० च्या दशकात हॉस्पिटलं जास्त आणि इंटर्न कमी. मग चांगली पोरं आधी पकडायची म्हणून हॉस्पिटलं लवकर लवकर ऑफर द्यायला लागली. इतकी लवकर, की पदवीला दोन वर्षं बाकी असतानाच नेमणूक! पोरगा डॉक्टर होणार की नाही हे त्याच्या आईलाही माहीत नाही, पण हॉस्पिटल बुक. म्हणून १९४५ पासून कॉलेजांनी ठरवलं की ठराविक तारखेआधी मुलांची माहितीच द्यायची नाही. मग गोंधळ तारखेनंतर सरकला. तारेने ऑफर यायची, उत्तराला दहा दिवस. पोरं थांबायची, याच्यापेक्षा बरं काही येतंय का बघू. म्हणून हॉस्पिटलांनी मुदत कमी केली. परत कमी केली. १९४९ पर्यंत वेळ अशी आली की बारा तासांची मुदतसुद्धा हॉस्पिटलांना फार वाटू लागली. एका हातात तार, दुसऱ्या हातात फोन, आणि आयुष्याचा निर्णय दुपारच्या जेवणाआधी.

शेवटी कंटाळून त्यांनी १९५२ मध्ये ‘मॅच’ आणली. मुलाखती झाल्या की मुलं आपली यादी देतात, हॉस्पिटलं आपली यादी देतात, मशीन जोड्या लावतं. गंमत म्हणजे पहिल्या आराखड्यात खोट होती: खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होऊ शकत होतं. आणि ती खोट कुणी पकडली? विद्यार्थ्यांनी. १९५१ मध्ये ओरडा केला आणि पद्धत बदलून घेतली. परीक्षेच्या वर्षात, अभ्यास सोडून. बग रिपोर्ट करणाऱ्यांच्या इतिहासात यांचा पुतळा असायला हवा.

पुढे १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी या प्रकारच्या जुळणीवर निबंध लिहिला. त्यांनी उदाहरण कशाचं घेतलं? लग्नाचं. म्हणून मी तुम्हाला कांदेपोह्यांवरच समजावतो. समजा सगळी मुलं एकदम आपल्या पहिल्या पसंतीच्या घरी मागणी घालायला गेली. प्रत्येक घर आलेल्यांतल्या सगळ्यात आवडलेल्याला ‘कळवतो’ म्हणतं, हो म्हणत नाही, आणि बाकीच्यांना पोहे देऊन वाटेला लावतं. नकार मिळालेले दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे आधी कुणाला ‘कळवतो’ म्हटलेलं असलं तरी नवा बरा वाटला तर जुना बाहेर. असं चालू राहतं, कुणी फिरायचं उरत नाही तोवर. मग सगळे ‘कळवतो’ एकदम ‘हो’ होतात. शेवटी अशी एकही जोडी उरत नाही की जी आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे पळून जाईल. एवढंच, हाच तो अल्गोरिदम. १९८४ मध्ये अल्विन रॉथ यांनी दाखवलं की डॉक्टरांची मॅच नकळत हेच करत होती, फक्त मागणी हॉस्पिटलं घालत होती, त्यामुळे झुकतं माप हॉस्पिटलांना. १९९८ पासून मागणी मुलांकडून सुरू होते असा बदल केला. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्लींना.

आणि आता कोड लिहिणारा म्हणून एक गोष्ट सांगतो जी मला फार बोचली. या अल्गोरिदममध्ये सगळ्या हॉस्पिटलांनी एकच यादी दिली, म्हणजे सगळ्यांची पसंती फक्त रँक, तर उत्तर काय येतं? बरोबर आपली क्रमवार हुकूमशाही. म्हणजे आपली पद्धत आणि त्यांची पद्धत ही दोन वेगळी यंत्रं नाहीत. यंत्र एकच. आपण फक्त त्यातून माणसाचं मत काढून टाकलंय.

माझ्या चुलत बहिणीने अमेरिकेला अर्ज केला तेव्हा हे माणसाचं मत काय असतं ते मी पाहिलं. कोविडपासून बऱ्याच मुलाखती व्हिडिओवर होतात. हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी, वेळ त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र. वर ब्लेझर, खाली पायजमा, मागे काकूंनी कपाटावरच्या गाद्या लपवायला लावलेली बेडशीट. एक मुलाखत नेमकी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. पहिला प्रश्न झाला आणि खालच्या बिल्डिंगने लांबलचक माळ लावली. पलीकडचे प्रोफेसर घाबरून विचारतात, तुम्ही सुरक्षित आहात ना? ही म्हणाली, हो हो, सण आहे. मग त्यांनी दिवाळी विचारली. मग छंदात हिने ट्रेकिंग लिहिलेलं, तर जवळचा किल्ला कुठला विचारलं. हिने कर्नाळा सांगितला, हायवेवरून अंगठ्यासारखा दिसणारा सुळका सांगितला. वीस मिनिटं संपली. वैद्यकशास्त्र शून्य. बाहेर येऊन म्हणाली, ‘दादा, त्यांनी मला गाव कुठलं एवढंच विचारलं.’ काकू म्हणाल्या, ‘मग चांगलं आहे की, स्थळ पसंत दिसतंय.’

त्या वीस मिनिटांत तिला किती गुण मिळाले, ती किंवा मी कधीच कळू शकणार नाही. तिच्या नावाचा उच्चार नीट जमला नाही म्हणून कमी मिळाले का? कर्नाळ्यामुळे जास्त मिळाले का? टेप कुणाकडेच नाही. मॅचचा निकालही मजेशीर लागतो: मार्चमध्ये सोमवारी ईमेल येतो, तुम्ही मॅच झालात. कुठे, ते शुक्रवारी. म्हणजे लग्न ठरलंय, नवरा कोण ते चार दिवसांनी. त्या चार दिवसांत काकूंनी अमेरिकेच्या नकाशावरची सगळी थंड गावं पाठ केली.

मग कुठली पद्धत बरी? टपरीवर या प्रश्नावर भांडणं होतात. नीट-पीजीवाल्यांकडे सांगायला किस्से कमी नाहीत. २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहिल्या म्हणून पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे जो परीक्षेला नुसता बसला तोसुद्धा पात्र. अभ्यास करून दमलेल्यांनी त्यावर जे मीम केले ते मी इथे वाचू शकत नाही. २०२४ मध्ये २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली. पोरं दुसऱ्या शहरातल्या लॉजवर पोचून, अलार्म लावून झोपायच्या तयारीत होती. परीक्षा झाली ११ ऑगस्टला.

तरीही मला विचाराल तर सीट वाटताना मी नंबराच्या बाजूने आहे. आपल्या देशात टेबलापलीकडच्या माणसाला नाव ऐकताच आडनाव कळतं, आणि आडनावाबरोबर बाकी सगळं. नंबराला ते कळत नाही. आनंदीबाईंना चांगली डीन भेटली म्हणून आपण ती गोष्ट सांगतो. वाईट टेबलासमोर बसलेल्या किती जणींची गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नाही. टपरीवरचा एक थर्ड इयरचा मुलगा मला म्हणाला, ‘दादा, रँक बघून कुणी मला गाव विचारत नाही, हेच बरं आहे.’ त्याच्या शेजारची लगेच म्हणाली, ‘पण रँक बघून कुणी मला काहीच विचारत नाही.’ आणि दोघं आपापला चहा संपवून फायनलच्या व्हायवाची तयारी करायला गेले. कारण व्हायवा अजून आहे. एक्स्टर्नल अजून येतात. हाड अजून हातात देतात.

तर मंडळी, तुमच्यात कुणी मेडिकोज असतील, किंवा कुणाच्या घरात असतील, तर व्हायवाचे किस्से व्हॉइस नोटने पाठवा. कॉलेजचं आणि सरांचं नाव नको, गाव चालेल. निवडक पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवेन. भेटू.